अ‍ॅन फ्रँक हाऊस, अ‍ॅमस्टरडॅम : टीनएजर पोरांना घेऊन जाणार असाल तर

आधीच सांगून ठेवते, हा रिव्ह्यू म्युझियमचा आहे पण निम्मा आमच्या घरातल्या एका टेबलाचा आहे. का ते पुढे येईलच.

आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टलव्हेनला राहतो, आठ वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी अ‍ॅन फ्रँक हाऊसला (दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ज्यू मुलीचं घर) एकदाही गेले नव्हते. पुण्यात जन्म काढून शनिवारवाडा आतून न पाहिलेली माणसं असतात ना, त्यातली मी. भारतातून कोणी आलं की ट्युलिप, पवनचक्क्या, कनालमधली बोट, संपला विषय. यंदा मेमध्ये भाचा येणार होता, बहिणीचा मुलगा, सीबीएसईची दहावी दिलेली, रिझल्ट लागायचा. मार्चमध्येच फोनवर म्हणाला, "मावशी, अ‍ॅन फ्रँकचं घर तुमच्याकडेच आहे ना, ती होती आम्हाला इंग्लिशला." ती होती आम्हाला! जशी काही वर्गावर शिकवायला येत होती.

नशीब मार्चमध्ये बोलला. कारण तिकिटं फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवर मिळतात, दर मंगळवारी सकाळी दहाला सहा आठवड्यांनंतरचे स्लॉट उघडतात आणि चांगल्या वेळा बघता बघता उडतात. तत्काळचं तिकीट काढायची सवय असलेल्यांना जमेल, मी चहा घेऊन पावणेदहालाच लॅपटॉप उघडून बसले. मोठ्यांचं तिकीट सोळा-सतरा युरोच्या घरात, १० ते १७ वयाच्या मुलांचं त्याच्या निम्म्याहून कमी, आणि म्युझियमकार्ड (इथला म्युझियमांचा वर्षाचा पास) असलं तरी वेळ आधी बुक करावीच लागते. दुसऱ्या कुठल्या साइटवर "लाइनमध्ये थांबू नका" वगैरे लिहून तिकीट विकत असतील तर नीट वाचा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने असं भरमसाट पैसे देऊन घेतलं आणि तो निघाला नुसता गल्लीबोळातला वॉक, गाइडने घराबाहेर उभं करून गोष्ट सांगितली आणि टाटा केला. आत एंट्री नव्हतीच त्यात.

आता टेबल. आमच्या घरी अभ्यासाचं टेबल एकच, ते लेकीच्या खोलीत. लेक तेरा वर्षांची, डच हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला. भाचा झोपायचा हॉलमध्ये सोफ्यावर पण त्याचे अकरावीचे ऑनलाइन क्लास सुरू झालेले, पुण्याची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार, म्हणजे ही शाळेतून सायकल हाणत घरी येते तर हिच्या खोलीत, हिच्या खुर्चीवर, हिचे पेन बाजूला ढकलून साहेब फिजिक्स ऐकतायत. पहिले दोन दिवस मॅनर्स, तिसऱ्या दिवसापासून रोज ठिणगी. "आई, ही माझी खोली आहे की क्लासरूम?" "मावशी, मी काय बाथरूममध्ये बसून क्लास करू?" मी दोघांनाही तेच सांगत होते, अ‍ॅडजस्ट करा रे, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. हे वाक्य लक्षात ठेवा.

गेलो एका गुरुवारी संध्याकाळी सहाच्या स्लॉटला. वर्षातला बराच काळ ते रात्री दहापर्यंत उघडं असतं, त्यामुळे शाळा बुडवायची गरज नाही आणि संध्याकाळी जरा शांतही वाटलं. ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही, बाबागाडी नाही, फोटो नाही. भाच्याचा फोन तासभर खिशात राहिला, एवढ्यासाठीसुद्धा मी ते सतरा युरो दिले असते. ऑडिओ गाइड तिकिटातच आहे, आम्ही दोघांनी इंग्रजी घेतला, लेकीने डच.

वाटेत ट्राममध्ये भाचा आम्हाला मिस्टर कीसिंग सांगत होता. त्यांच्या पुस्तकात अ‍ॅनच्या डायरीचा जो उतारा आहे त्यात हे गणिताचे सर आहेत, अ‍ॅन वर्गात बडबड करते म्हणून ते तिला शिक्षा म्हणून बडबडीवरच निबंध लिहायला लावतात आणि ती उलट त्यांची फिरकी घेते. "कॅरेक्टर स्केच ऑफ मिस्टर कीसिंग, हमखास येतं." बरं पुढे? तर पुढे काही नाही. धडा १९४२ च्या जूनमध्येच संपतो, म्हणजे ती लपायला गेली त्याच्याही आधी. धड्याच्या वर चार ओळीत लिहिलंय की ती पुढे मेली, पण ते मार्कांना नाही. म्हणजे ह्या पोराच्या डोक्यात अ‍ॅन फ्रँक ही एक वर्गात बोलणारी चुरचुरीत मुलगी होती आणि माझ्या डोक्यात छळछावणी. मला वाटलं आता ह्याला धक्का बसणार, आधी जरा तयारी करून द्यावी, म्हणून मी हिटलर, १९३३, फ्रँकफर्टहून हे लोक का आले, असं सुरू केलं आणि दोघांनी एकाच वेळी कानात इअरफोन घातले. बरं झालं घातले.

घर प्रिन्सेनग्राख्त कनालवर, नंबर २६३, आत जायचा दरवाजा मात्र बाजूच्या वेस्टरमार्क्टच्या अंगाने, वेस्टरकेर्क चर्चच्या शेजारी. पुढचा भाग म्हणजे अ‍ॅनच्या वडिलांचं, ऑटो फ्रँकचं ऑफिस आणि गोदाम. जॅम घट्ट व्हायला लागतं ते पेक्टिन विकायचे, आणि मसाले. आठ माणसं मागच्या घरात लपली ती धंदा चालू असताना, खाली गोदामातल्या कामगारांना पत्ता नसताना. म्हणजे दिवसा बूट नाहीत, मोठ्याने खोकायचं नाही, फ्लश ओढायचा नाही. वर ऑफिसमधल्या मोजक्या चार-पाच जणांना माहीत होतं, तेच रेशन कार्डं जमवून भाजीपाला, पुस्तकं, बातम्या वर पोचवायचे, दोन वर्षं. मला ह्या लोकांचं फार वाटतं. शेजाऱ्याच्या मांजराला दोन दिवस दूध घालायचं म्हटलं तरी आपण कटकट करतो.

पुढच्या घरात भिंतीवर जर्मनांनी ज्यूंवर घातलेल्या बंदीची माहिती आहे. सिनेमा नाही, स्विमिंग पूल नाही, ट्राम नाही, शाळा वेगळी. लेक हे सगळं वाचत पुढे चालली होती, सायकलीपाशी थांबली. "सायकली पण काढून घेतल्या?" हो. "सगळ्यांच्या?" ह्या देशात वाढलेल्या मुलीला सायकल काढून घेणं म्हणजे काय हे मला समजावून सांगायला लागलं नाही. ६ जुलै १९४२ ला अ‍ॅन आणि तिचे आईवडील लपायला आले तेव्हा पावसात चालत आले, अंगावर कपड्यांवर कपडे चढवून, कारण बॅगा घेऊन निघालेला ज्यू दिसला तर संशय. त्याच शहरात आम्ही त्या संध्याकाळी ट्रामने आलो होतो, सीट मिळाली नाही म्हणून कुरकुरत.

मग ते पुस्तकांचं कपाट. खरंखुरं, तेच, बिजागरीवर फिरणारं, मागे लपायच्या जागेचा दरवाजा. वाकून आत शिरावं लागतं, उंबरा चढा आहे. डायरीत आहे की सुरुवातीला सगळ्यांची कपाळं आपटत होती. जिने डच पद्धतीचे, म्हणजे जिना कमी आणि शिडी जास्त. आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर गुडघ्यांना आधी विचारा.

आणि आत काहीच नाही. खोल्या रिकाम्या. अटक झाल्यावर सामान उचलून नेलं होतं आणि म्युझियम करताना ऑटो फ्रँकनीच सांगितलं की तसंच रिकामं राहू दे. १९६० ला उघडलं तेव्हापासून तसंच. मागच्या घरात ऑडिओ गाइडही बोलत नाही. मला आधी वाटलं माझा बिघडला. नाही, सगळ्यांचाच गप्प असतो. नुसते पायांचे आवाज, लाकडाची करकर, आणि मधूनच शेजारच्या चर्चचं घड्याळ. पाव तासाला वाजतं ते. अ‍ॅनला ते आवडायचं, पुढे घंटा काढून नेल्या तेव्हा सगळ्यांचं वेळेचं भान सुटलं असं तिने लिहिलंय.

भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, मुलींची उंची मोजलेल्या, काचेखाली. अ‍ॅन त्या दोन वर्षांत तेरा सेंटीमीटरच्या वर वाढली. आई म्हणून मी तिथून हलूच शकले नाही. कपडे कसे पुरवले असतील, बूट कसे. माझ्या मागे दोन बायका उभ्या होत्या, त्याही हलेनात. पोरं मात्र तिथून भर्रकन पुढे. मी जरा चिडलेच मनातून, म्हटलं ह्यांना काही पोचतंय की नाही.

ती दोघं सापडली अ‍ॅनच्या खोलीत. अरुंद, बोळासारखी. भिंतीवर तिने चिकटवलेले सिनेमातल्या नट-नट्यांचे फोटो, राजघराण्यातल्या राजकन्या, तिनेच लिहिलंय की त्यामुळे खोली जरा खोली वाटायला लागली. आणि भाचा लेकीला हळू आवाजात विचारत होता, "म्हणजे इथेच? तो डेंटिस्ट पण इथेच?"

तर हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आधी सात जण होते, फ्रँक कुटुंब चार आणि व्हान पेल्स कुटुंब तीन. नोव्हेंबर १९४२ ला आठवे आले, फ्रिट्झ फेफर, दाताचे डॉक्टर, पन्नाशी ओलांडलेले. आणि त्यांना झोपायला जागा दिली अ‍ॅनच्या खोलीत. तेरा वर्षांची मुलगी आणि परका बाप्या, मध्ये हातभर जागा, आणि टेबल एक. डायरीत तिने त्यांचं नाव बदलून डुसेल ठेवलं, जर्मनमध्ये त्याचा अर्थ बावळट असा होतो, म्हणजे बघा. १९४३ च्या जुलैत ह्या टेबलावरून मोठं भांडण झालं. तिला आठवड्यातून दोन दुपारी, चार ते साडेपाच, टेबल हवं होतं. ते म्हणाले नाही, माझं काम महत्त्वाचं. शेवटी वडिलांना मध्ये पडावं लागलं आणि तिला ते मिळालं.

लेकीला हे शाळेत कोणीतरी सांगितलं होतं आणि ती ते भाच्याला अशा आवेशात सांगत होती की जणू काल तिच्या मैत्रिणीच्या घरी झालं. भाचा ऐकत होता आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की ह्या गोष्टीत आपण कोण आहोत. "ए, मी डुसेल नाहीये हं." "आहेस." "मी पन्नास वर्षांचा आहे का?" "वागतोस." तिथे शांतता ठेवायची असते म्हणून हे सगळं कुजबुजत, आणि कुजबुजत भांडणं म्हणजे काय हे त्यांना त्या क्षणी जसं कळलं तसं मी कितीही लेक्चर दिलं असतं तरी कळलं नसतं. मी शिकवायला आणलं होतं युद्ध. त्यांनी उचललं टेबल. आणि मला आता वाटतं त्यांचंच बरोबर, कारण त्या मुलीने स्वतः पानंच्या पानं टेबलावर, आईवर, बटाट्यांवर आणि व्हान पेल्सांच्या पीटरवर लिहिलीत, छावणीवर नाही. छावणी तिला माहीतच नव्हती अजून. ती आपल्याला माहीत आहे.

पीटरच्या खोलीतून माळ्याकडे जाणारा जिना दिसतो, वर जाऊ देत नाहीत. इथे दोघांनी एकमेकांकडे बघणं टाळलं आणि मी छताकडे बघितलं. अ‍ॅन-पीटरच्या पहिल्या चुंबनाचा विषय मावशीसमोर कोण काढणार.

त्यानंतर आठही जणांचं काय झालं ते येतं. ४ ऑगस्ट १९४४ ला अटक, ३ सप्टेंबरला वेस्टरबोर्क ह्या इथल्याच छावणीतून ऑशविट्झला निघालेली गाडी, वेस्टरबोर्कहून तिथे जाणारी ती शेवटचीच. अ‍ॅन आणि तिची बहीण मार्गोट बर्गन-बेल्सनच्या छावणीत १९४५ च्या फेब्रुवारीत वारल्या. आई जानेवारीतच. पीटर मे महिन्यात. डुसेल, म्हणजे फेफर, त्याच्या आधीच्या डिसेंबरात. भाच्याने ते नाव वाचलं आणि म्हणाला, "अरे, तो पण." बस, एवढंच. पण मघाशी ज्याच्यावरून हसत होते त्याचं नाव तिथे होतं. आठांतून परत आले एकटे ऑटो फ्रँक.

मूळ डायरी तिथे आहे, लाल-पांढऱ्या चौकड्यांची, तेराव्या वाढदिवसाला मिळालेली. आणि सुटे कागद. हे मला नीट माहीत नव्हतं, की १९४४ च्या मार्चमध्ये लंडनहून डच मंत्र्याचं रेडिओवर भाषण झालं, लोकांच्या डायऱ्या, पत्रं युद्धानंतर गोळा करू म्हणून, आणि ते ऐकून अ‍ॅनने सगळी डायरी पुन्हा लिहायला घेतली, छापायच्या हिशोबाने, नावं बदलून. म्हणजे ती नुसती लिहीत नव्हती, एडिट करत होती. अटकेनंतर मीप खीस ह्या ऑफिसमधल्या बाईंनी कागद उचलून ड्रॉवरमध्ये ठेवले, न वाचता, ती आली की परत द्यायचे म्हणून.

"न वाचता" वर लेक अडकली. मी शहाणपणा करून सांगितलं की २०१८ मध्ये अ‍ॅनने ब्राऊन कागद चिकटवून झाकलेली दोन पानं तज्ज्ञांनी फोटोच्या तंत्राने वाचली, आत वात्रट जोक निघाले आणि शरीराबद्दलचं काहीबाही. मला वाटलं हसेल. ती एकदम कडक. "तिने चिकटवली होती ना ती?" हो. "मग?" मग काय, इतिहास आहे बाळा. "छापायचं होतं ते तिने परत लिहिलं ना? हे नव्हतं ना लिहिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. भाच्याचा प्रश्न वेगळाच, जोक काय होते. ते मी सांगितलं नाही.

शेवटाकडे ऑटो फ्रँकची जुनी मुलाखत दाखवतात. ते म्हणतात की माझं आणि अ‍ॅनचं फार छान जमायचं, तरी डायरी वाचल्यावर कळलं की तिच्या मनात काय चाललंय हे मला माहीतच नव्हतं, आणि बहुतेक आईवडिलांना आपली मुलं खरी माहीत नसतात. साधासा बोलतो माणूस, आवाज न चढवता. लेकीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी जानेवारीत एकदा तिचा फोन वाचला होता. एकदाच. तिला माहीत आहे. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

आत असलेल्या कॅफेत बसलो, खिडकीतून कनाल दिसतो, पोरांना भूक लागलेलीच होती. दुकानातून भाच्याने डायरी इंग्रजीत घेतली, स्वतःच्या पैशाने, आणि सोफ्यावर पडून चार रात्रीत संपवली. पुण्याहून बहिणीचा फोन, "तो वाचतोय? पुस्तक?" मध्येच ओरडून सांगायचा, "मावशी, पीटर जिन्यावरून घेवड्याचं पोतं ओढून नेत होता आणि ते फुटलं, सगळे दाणे हिच्या डोक्यावर." किंवा, "ही बाई फार किरकिरी आहे पण मजा येते." मी मराठी अनुवाद नववीत असताना साताऱ्याच्या शाळेच्या लायब्ररीतून वाचलेला, तेव्हा मी पूर्ण अ‍ॅनच्या बाजूने, तिची आई म्हणजे व्हिलनच. आता भाच्याची प्रत चाळली तर सारखं वाटत होतं, अगं जरा त्या एडिथचं पण ऐक. सासूबाई, नवरा, वाढत्या मुली, सडके बटाटे आणि वर कपाटाचं दार. अ‍ॅनने १९४४ च्या जानेवारीत आपलंच जुनं लिखाण वाचून आईबद्दल काय काय लिहिलं म्हणून लाज वाटल्याचं लिहिलंय, तेवढंच समाधान. (सासूबाई तिथे नव्हत्या, मला माहितीये. माझ्या होत्या त्या आठवड्यात.)

वेळ असेल तर गावाच्या दक्षिणेला मेरवेडेप्लेनवर पण जा, ते लपायच्या आधी राहायचे तो चौक. फ्लॅट बघता येत नाही, तिथे आपल्या देशातून पळून आलेल्या लेखकांना राहायला जागा देतात, हे मला फारच पटलं. आणि वेस्परस्ट्राटवरचं, नाझींनी मारलेल्यांच्या नावांचं स्मारक, एकेका विटेवर एकेक नाव, जन्मतारीख आणि वय, एक लाख दोन हजारांवर विटा. भाचा पंधरा वय असलेल्या विटा शोधायला लागला, थोड्या वेळाने थांबला कारण त्या संपेनात.

दहाच्या आतल्या मुलांना घरात नेऊ नका असं माझं मत, कंटाळतील आणि तुम्ही त्यांना गप्प करण्यात तास घालवाल. तेरा ते सोळा एकदम बरोबर वय. आधी लेक्चर देऊ नका, रडायची अपेक्षा ठेवू नका, त्याच दिवशी लगेच पुढे पॅनकेक आणि बोट असा कार्यक्रम लावू नका. स्टार द्यायचेच तर पाच, पण अशा जागेला स्टार देताना कसंतरीच होतं, म्हणून मी जिन्यांनाही कापत नाही.

शनिवारी लेकीच्या टेबलावर कागद चिकटवलेला दिसला, सेलोटेप चारी कोपऱ्यांना. मंगळवार आणि शुक्रवार, ४ ते ५:३०, मालकीण. बाकी दिवस डुसेल. खाली दोघांच्या सह्या, आणि साक्षीदार म्हणून तिच्या बाबांची. मला विचारलंही नव्हतं.